इंग्लंडमध्ये केअररची नोकरी: जुनी शिक्षा फॉर्मवर लिहायची का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये शिक्षेची नोंद पुसली जात नाही. पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर ती माणसाच्या वयाची १०० वर्षं होईपर्यंत राहते. काही जुन्या शिक्षा डीबीएस सर्टिफिकेटवर (नोकरीआधी मागितला जाणारा, जुन्या शिक्षांची तपासणी केल्याचा सरकारी दाखला) छापल्या जात नाहीत, एवढंच. त्यांना ‘प्रोटेक्टेड’ म्हणतात, बोलताना ‘फिल्टर झालेल्या’.

‘स्पेंट’ म्हणजे ठरावीक मुदत उलटल्यामुळे साध्या नोकरीसाठी सांगावी न लागणारी शिक्षा; हा प्रकार वेगळा, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. प्रौढाला झालेला दंड १२ महिन्यांत स्पेंट होतो, मग दुकानातल्या किंवा ऑफिसातल्या नोकरीसाठी तो सांगावा लागत नाही. केअर होम किंवा घरी जाऊन अंघोळ घालणं, भरवणं अशा कामांना मात्र १९७५ चा अपवाद-आदेश लागू होतो. तिथे स्पेंट शिक्षाही सांगावी लागते, ती प्रोटेक्टेड झाली असेल तरच नाही.

आठवणीवर फॉर्म भरू नका. आधी एक्रो या पोलिसांच्या कार्यालयाकडे स्वतःच्या नोंदींची प्रत मागा. ही मागणी मोफत असते, उत्तराला साधारण महिना धरा. हाती आल्यावर प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे तपासा. शिक्षेच्या वेळी वय १८ किंवा जास्त असेल तर तीन अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात: दोषी ठरून ११ वर्षं झालेली, तुरुंगवास किंवा सस्पेंडेड सेंटन्स (स्थगित ठेवलेला तुरुंगवास) नाही, आणि गुन्हा डीबीएसच्या कधीच फिल्टर न होणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. वय १८ च्या आत असेल तर मुदत साडेपाच वर्षं. प्रौढाचं कॉशन (कोर्टात न नेता पोलिसांनी दिलेली औपचारिक ताकीद) ६ वर्षांनी फिल्टर होतं, तेही गुन्हा यादीत नसेल तरच; १८ च्या आतलं कॉशन मुळातच फिल्टर.

समजा, दुकानातून चोरी, मॅजिस्ट्रेट कोर्टात १४ मार्च २०१४ ला दोषी, दंड. साधी चोरी यादीत नाही, म्हणून १४ मार्च २०२५ नंतर ही नोंद छापली जाणार नाही. दिवस मोजायचे ते दोषी ठरल्याच्या तारखेपासून. गुन्ह्याच्या किंवा दंड भरल्याच्या नव्हे. हीच चोरी धमकावून किंवा मारहाण करून केली असती तर ती रॉबरी, आणि रॉबरी यादीत आहे: ती कधीच फिल्टर होत नाही. ‘आत तर गेलोच नव्हतो’ म्हणून सस्पेंडेड सेंटन्स सोडून देणारे बरेच असतात. सर्टिफिकेटवर मात्र ती ठळक दिसते. मालक मग शिक्षेपेक्षा लपवण्यावर जास्त चिडतो, आणि त्यात त्याचं फारसं चुकत नाही.

नोंद प्रोटेक्टेड असेल तर ‘नाही’ लिहा. प्रश्न कितीही सरसकट विचारलेला असो, हे उत्तर कायद्याला धरूनच आहे. प्रोटेक्टेड नसेल तर डीबीएस यायच्या आधीच मॅनेजरला एका पानाचं पत्र द्या: तारीख, कोर्ट, कलम, शिक्षा, काय घडलं ते दोन ओळींत, त्यानंतरची कामं आणि ट्रेनिंग. अशा पत्रासाठी ‘अनलॉक’ ही संस्था मदत करते.

एन्हान्स्ड, म्हणजे जास्त सखोल तपासणीच्या डीबीएस सर्टिफिकेटवर पोलीस अधिकाऱ्याला संबंधित वाटलेली जादा माहितीही येऊ शकते, त्यामुळे फिल्टर म्हणजे शंभर टक्के हमी नाही. चुकीची नोंद आली तर सर्टिफिकेटवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत डीबीएसकडे तक्रार करा. बार्ड लिस्टची, म्हणजे अशा कामांना बंदी घातलेल्या लोकांच्या यादीची गोष्ट पूर्ण वेगळी. त्या यादीत नाव असताना हे काम करणं हाच गुन्हा, शिक्षा किती जुनी याला तिथे अर्थ नाही.

महाराष्ट्रातून व्हिसावर गेलेल्यांसाठी आणखी एक. फिल्टरचे हे नियम नोकरीपुरते आहेत. व्हिसा, मुदतवाढ, कायम वास्तव्य या अर्जांमध्ये स्पेंट किंवा फिल्टर झालेली शिक्षाही विचारली जाते, आणि ती लिहावीच लागते, भारतात झालेलीसुद्धा. नोकरीच्या फॉर्मवरचं ‘नाही’ तसंच व्हिसाच्या फॉर्मवर उतरवलं तर खोटी माहिती दिली म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून एकाच बैठकीत भरू नका.