आधी हात, मग वचन: ख्रिस्ती बालवाडीत मदत करायला कसं शिकवावं

ख्रिस्ती बालवाडीत 'एकमेकांना मदत करा' हे वाक्य दिवसभर कानावर पडत असतं. भिंतीवर तक्ता असतो, बायबलमधलं वचन पाठ असतं, गीत हातवाऱ्यांसकट म्हटलं जातं. आणि त्याच वर्गात पाण्याचा जग बाई भरतात, चटया मोठी माणसं गुंडाळतात, सांडलेला रंगही तीच पुसतात. मुलांना मदत करायला जागाच उरत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाला मदत शिकवायची तर मदतीचं खरं काम त्याच्या हाती द्यावं लागतं. खरं काम कोणतं, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे: ते झालं नाही तर कोणाचं तरी अडलं पाहिजे. पुढची सगळी पावलं याच कसोटीवर उभी आहेत.

पहिलं पाऊल: कामं हेरा

आठवडाभर एक वही जवळ ठेवा. मुलांसाठी म्हणून वर्गात मोठी माणसं जे जे करतात ते लिहीत जा. पाणी ओतणं, टेबल पुसणं, पेन्सिलींना टोक करणं, कुंड्यांना पाणी घालणं, चपला जोडीनं लावणं, नवीन मुलाला त्याची खुंटी दाखवणं. यादी लांबलचक होते. तिच्यातून धोक्याची कामं खोडा. टोक करण्याचं धारदार यंत्र, गरम काही आणि साफसफाईची रसायनं मोठ्यांकडेच राहू द्या. उरलेल्यातली निम्मी कामं तरी मुलं करू शकतात.

मुलांना मदत करावीशी वाटेल का, याची चिंता नको. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो या संशोधकांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या बाळांसमोर एक प्रयोग मांडला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू खाली पडे आणि ती उचलायला त्याचा हात पुरत नसे, किंवा दोन्ही हात भरलेले असल्यामुळे कपाटाचं दार उघडता येत नसे. बहुतेक बाळं कोणी न सांगता मदतीला पुढे आली. म्हणजे इच्छा मुळातच असते. आपण 'थांब, सांडशील' म्हणत ती मोडत आणतो.

दुसरं पाऊल: वस्तू मुलांच्या मापाच्या ठेवा

इटलीतल्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. तिथे पुढे मुलांच्या उंचीच्या टेबलखुर्च्या आल्या, हाताला पेलतील अशी भांडी आली आणि मुलं आपलं आपण झाडू-पुसू लागली. त्याच्याही आधी, १८३७ मध्ये, जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गला फ्रीड्रिख फ्रोबेल या धर्मोपदेशकाच्या मुलानं लहानग्यांसाठी संस्था काढली होती. त्याच्या पद्धतीत प्रत्येक मुलाला स्वतःचा एक वाफा मिळे आणि शिवाय सगळ्यांची मिळून सामाईक जमीनही असे. आपलं आणि सगळ्यांचं, दोन्ही सांभाळायचं.

तुम्हाला महागडं साहित्य आणायची गरज नाही. अर्धा कापलेला स्पंज, दांडा आखूड केलेला झाडू, एका हातात मावेल असा जग, आणि हे सगळं मुलाला न विचारता घेता येईल अशा खालच्या फळीवर. स्पंज कपाटात कुलपाआड असेल तर मूल प्रत्येक वेळी तुमच्याकडे मागायला येईल, आणि मग ते काम पुन्हा तुमचंच होईल.

तिसरं पाऊल: करून दाखवा, गप्प राहून

घाई टाळायची ती इथे. एका वेळी चार-पाच मुलं घ्या, बाकीची दुसऱ्या कामात गुंतलेली असू द्या. समजा, पाणी ओतायला शिकवायचं आहे.

जग अर्धाच भरा. पेल्यावर बाहेरून रंगीत रेघ ओढा किंवा चिकटपट्टी लावा, म्हणजे 'कुठपर्यंत?' याचं उत्तर पेलाच देईल. एका हातानं कान धरा, दुसरा हात जगाच्या पोटाला लावा. जगाचं तोंड पेल्याच्या काठाच्या अगदी वर आणा आणि थांबा. मुलांना तो थांबा दिसला पाहिजे. मग हळूहळू कलवा, रेघ आली की जग सरळ करा. तोटीला लटकलेला शेवटचा थेंब कापडानं टिपून घ्या. मुलांचे डोळे त्या थेंबावरच खिळतात, आणि नंतर स्वतः ओतताना ती तो टिपायला कधी विसरत नाहीत.

हे सगळं करताना बोलू नका. बोलू लागलात की मुलं तुमच्या तोंडाकडे बघतात, हाताकडे नाही.

पाणी सांडणारच. सांडलं की 'अरे अरे' करू नका, स्पंजकडे बोट दाखवा. स्पंज कसा पिळायचा हे आधीच शिकवलेलं असेल तर सांडणं हा दुसऱ्या कामाचा प्रारंभ ठरतो. बादलीत मात्र थोडंसंच पाणी ठेवा, आणि भरलेली बादली लहान मुलांजवळ एक मिनिटही सोडून जाऊ नका.

मग वळण खऱ्या कामाचं. ओतायला हात बसलेलं मूल खाऊच्या वेळी आपल्या टेबलावरच्या मित्रांना पाणी देतं. स्वतःचा पेला सगळ्यात शेवटी भरायचा. हा नियम एकदाच सांगा. त्याच्यावर प्रवचन नको.

चौथं पाऊल: हात हलतात अशा गोष्टी निवडा

आता शास्त्रपाठ. मुलांना आधी काम करू द्यावं आणि मग गोष्ट सांगावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हातानं केलेलं असलं की गोष्टीतला माणूस काय करतोय ते मुलांना लगेच कळतं. उलट क्रमानं गेलात तर गोष्ट संपते आणि तात्पर्य तेवढं उरतं.

बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. त्यांतल्या मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली पक्षाघाती माणसाची गोष्ट घ्या. चौघे जण त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उघडून त्याला बाजेसकट येशूपुढे खाली सोडतात. ती सांगण्याआधी चादरीचा खेळ घ्या. जाड चादरीच्या मधोमध एक मोठी बाहुली किंवा उशी ठेवा, चार कोपऱ्यांना चार मुलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं. पहिल्या खेपेला हमखास एक जण पळतो, दुसरा कोपरा उंच धरतो आणि बाहुली घरंगळते. काही सांगू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्यांच्यातलंच कोणीतरी 'हळू, हळू' म्हणू लागतं, आणि सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या पावलानं बाकीचे चालू लागतात. त्यानंतर गोष्ट सांगा. छपरावरून खाली सोडताना एकाचा दोर सुटला असता तर, हा प्रश्न मुलंच विचारतील. (चादरीत खऱ्या मुलाला मात्र बसवू नका, कितीही गळ घातली तरी.)

दयाळू शोमरोन्याचा दाखला, लूकच्या दहाव्या अध्यायातला, प्रत्येक ख्रिस्ती बालवाडीत सांगितला जातो. बहुतेक ठिकाणी त्यातून 'सगळ्यांशी चांगलं वागा' एवढंच उरतं. खरं तर तो क्रियापदांनी भरलेला आहे. शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला परका माणूस, लुटारूंनी वाटेत जखमी करून टाकलेल्या माणसाच्या जवळ जातो, जखमांना तेल व द्राक्षारस लावून त्या बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, तिथे काळजी घेतो आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देऊन त्याच्यावर सोपवतो. प्रत्येक क्रियेसाठी एक कृती ठेवा. एकमेकांच्या हाताला मऊ कापडाची पट्टी गुंडाळणं मुलांना फार आवडतं. ती मानेला गुंडाळायची नाही, हे आधीच बजावा. पट्टी बांधताना 'घट्ट होतेय का?' असं समोरच्याला विचारायला शिकवा. मदत घेणाऱ्यालाही काही म्हणायचं असतं, हे या एका प्रश्नातून कळतं.

शेवटचा भाग तर लहान मुलांसाठी सोन्यासारखा आहे. शोमरोनी सगळं एकटा करत नाही, दुसऱ्यावर सोपवतो. चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक संकटात स्वतः मदत करता येत नाही आणि त्यानं तसं करूही नये. मित्र पडला, रक्त आलं, तर मोठ्या माणसाला बोलावून आणणं हीच त्याची मदत. हा भाग मुद्दाम दोन-तीनदा करून घ्या: एकानं मित्राजवळ बसायचं, दुसऱ्यानं जाऊन बोलवायचं.

येशूनं पाच भाकरी आणि दोन मासळ्यांवर हजारोंना जेवू घातल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण भाकरी देणारा मुलगा फक्त योहानाच्या सहाव्या अध्यायात भेटतो. बालवाडीत म्हणून योहानाचीच गोष्ट घ्यावी. तिच्यात आणखी एक गंमत आहे. सगळे जेवून तृप्त झाल्यावर येशू उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो आणि बारा टोपल्या भरतात. खाऊनंतरच्या आवराआवरीला याहून चांगली गोष्ट शोधून सापडणार नाही. एक टोपली ठेवा, तुकडे वेचू द्या.

लाकडी आकृत्या हलवत गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याची पद्धतही उपयोगी पडते. सोफिया काव्हालेत्ती आणि जियाना गोब्बी यांनी १९५४ मध्ये रोममध्ये माँटेसरींच्या विचारावर बेतलेलं बालधर्मशिक्षण सुरू केलं. त्यात येशूच्या दाखल्यातला उत्तम मेंढपाळ, त्याची मेंढरं आणि मेंढवाडा मुलांना स्वतः हाताळायला मिळतो. गोष्ट सांगून झाली की आकृत्या फळीवर ठेवा आणि बाजूला व्हा.

पाचवं पाऊल: वर्गाबाहेर जाताना आधी विचारा

वर्गात दोन-तीन कामं अंगवळणी पडल्यावरच बाहेरच्या मदतीकडे वळा. सगळ्यात सोपं म्हणजे शुभेच्छापत्रं, आणि म्हणूनच ती ढिगानं बनतात. ज्याला द्यायची त्याला ती हवी होती का, हे कोणी विचारत नाही.

चर्चच्या मंडळीतल्या, घराबाहेर न पडू शकणाऱ्या आजींना किंवा एखाद्या निवारा केंद्राला थेट विचारा: आमच्या लहान मुलांना जमेल असं तुम्हाला काय लागतं? उत्तरं साधी असतात. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावून हव्यात. टॉवेलच्या घड्या हव्यात. मोज्यांचं काम तर बालवाडीसाठीच जन्माला आलंय: रंग, माप, नक्षी जुळवायची, जोड्या मोजायच्या, एकटा उरलेला मोजा वेगळा ठेवायचा. त्या दिवशी गणिताचा वेगळा तास घ्यायची गरज नाही. गोष्ट हवी तर यापो गावची टबीथा आहेच, बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातली. ती वारल्यावर विधवा रडत रडत तिनं शिवलेले अंगरखे दाखवतात.

दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. 'गरिबांसाठी' हा शब्द वर्गात वापरू नका. तुमच्याच वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी अशी मदत येत असेल आणि ते ऐकत असेल. दुसरं, देण्याघेण्याचे फोटो काढू नका.

सहावं पाऊल: बक्षिसं काढून टाका

मदतीबद्दल तारे, टिकल्या, 'आजचा मदतनीस' मुकुट हे सगळं मी बंद करायला सांगेन. ज्यांना हा कडकपणा वाटतो त्यांच्यासाठी, वार्नेकेन आणि टोमासेलो यांचाच २००८ चा एक प्रयोग आहे. मदतीबद्दल खेळणं मिळालेली वीस महिन्यांची बाळं पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, त्यांच्यात ही घट दिसली नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू न देण्याचं वचन भिंतीवर लावायचं आणि खाली ताऱ्यांचा तक्ता टांगायचा, हे तसंही विचित्रच दिसतं.

काय म्हणायचं मग? जे घडलं ते म्हणा. 'टेबल कोरडं झालं, आता तिला चित्र काढता येईल.' बस.

एखादं मूल 'मी नाही करणार' म्हणालं तर जबरदस्ती नको, आणि येशूचं नाव घेऊन लाजवणं तर नकोच. बघत बसू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

कामं फिरती ठेवा. पुसणं-आवरणं मुलींकडे आणि जड खोकी उचलणं मुलांकडे, अशी वाटणी नकळत होते. ज्या मुलाला नेहमी मदत घ्यावी लागते, चालायला किंवा बोलायला त्रास आहे, त्यालाही देणाऱ्याची पाळी मिळालीच पाहिजे. बसून स्पंज वाटता येतात, चित्र दाखवून पुढचं काम सांगता येतं. वर्गात इतर धर्मांची मुलं असतील तर त्यांना काम आणि गोष्ट दोन्हींत घ्या. प्रार्थनेच्या वेळी शांत बसणं पुरे. प्रार्थनाही कामानंतरची, छोटीच: 'प्रभू, आज आजींचे मोजे जुळले, धन्यवाद.'

सातवं पाऊल: घरी निरोप पाठवा

पालकांना मोठं पत्रक नको. एवढंच कळवा की मूल आता पाणी ओतू शकतं, टेबल पुसू शकतं, तेव्हा घरातलं रोजचं एक काम त्याच्याकडे द्या आणि ते कोणतं हे त्यालाच ठरवू द्या. वेळ लागेल, कोपरे ओले राहतील. मुलानं पुसलेलं त्याच्यासमोर पुन्हा पुसू नका. अगदीच राहवलं नाही तर ते झोपल्यावर पुसा.