विस्मृतीत गेलेली मराठी पुस्तके कशी शोधावीत

‘मराठीतील श्रेष्ठ पुस्तके’ अशी एखादी यादी हाती आली, की ती कोणी, कधी आणि कोणत्या वाचकासाठी केली, हे आधी पाहावे. अभ्यासक्रमात न आलेले आणि पुनर्मुद्रण न झालेले पुस्तक दोन पिढ्यांत नावानिशी विसरले जाते आणि दर वेळी त्याचा दर्जाच कमी असतो असे नाही.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे याचे ठळक उदाहरण आहे. बुलढाण्याच्या या लेखिकेचे पुस्तक 1882 मध्ये पुण्यात छापले गेले, तेव्हा त्याच्या 500 प्रती निघाल्या आणि किंमत होती नऊ आणे. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकातून ताराबाईंची बाजू घेतली, तरीही 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत इतके धारदार गद्य बहुतेक वाचकांना ठाऊकच नव्हते. याची मला आजही मनापासून हळहळ वाटते.

शोधाची सुरुवात शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’पासून करावी. 1800 ते 1937 या काळातील छापील पुस्तकांच्या नोंदी तिच्यात विषयवार दिलेल्या आहेत. एकच विषय निवडून, कधीही न ऐकलेली पाच नावे वहीत उतरवून घ्यावीत आणि ठाण्याच्या (स्थापना 1893) किंवा मुंबईच्या (1898) मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेत त्यांची चौकशी करावी. पुस्तक हाती आले, की शेवटची पानेही चाळावीत, कारण तिथल्या जाहिरातींत त्याच प्रकाशकाची इतर पुस्तके किमतीसह दिलेली असतात आणि पुढचा माग अनेकदा तिथूनच लागतो.

‘घरांत’, ‘नाहीं’ असे अनुस्वार पाहून बिचकू नये. 1962 च्या लेखननियमांआधीची ती रीतच होती, आणि वीसेक पानांनंतर डोळ्यांना तिची सवय होते.

सापडलेले प्रत्येक पुस्तक थोर असेल असे मात्र गृहीत धरू नये. त्याच काळातील मान्यवर पुस्तक शेजारी ठेवून दोन्ही वाचावीत. हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू स्वतःची कहाणी सांगते, पण लेखणी पुरुषाची आहे. ताराबाई मात्र स्वतःच्या नावाने पुरुषांना थेट जाब विचारतात. ही दोन्ही पुस्तके एकाच आठवड्यात वाचावीत आणि ज्या जागी दोघांचा सूर वेगळा लागतो, त्या जागा टिपून ठेवाव्यात.