१८२२ चं ग्रीस नकाशावर कसं शिकवावं

सदाशिव पेठेतल्या माझ्या वर्गात ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचं १८२२ साल मी नकाशावरूनच शिकवते. आधी कोरिंथ आणि नाफ्प्लिओ पेन्सिलीने जोडा. मधली देर्वेनाकियाची खिंड ठळक करा. खरा निकाल तिथेच लागला. ऑटोमन (तुर्की) सेनापती द्रामाली पाशा २०,००० हून मोठी फौज घेऊन दक्षिणेत उतरला, तर ग्रीक सेनानी कोलोकोत्रोनिसने आर्गोसच्या मैदानातलं धान्य जाळायला लावलं. उपाशी फौज ऑगस्टमध्ये माघारी वळली आणि खिंडीत कापली गेली. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली आमची मुलं इथे सरसावून बसतात.

मग खिऑस बेट लाल रंगवा. एप्रिलपासून तिथे ऑटोमन फौजेच्या हातून हजारो निरपराध ग्रीक मारले गेले, गुलाम म्हणून विकले गेले. हे वगळून विजय शिकवू नका.

पुस्तकांतल्या तारखा जुळल्या नाहीत तर १२ दिवसांचा फरक तपासा; ग्रीक तेव्हा जुनी, १२ दिवस मागे असलेली ज्युलियन दिनदर्शिका वापरत. शेवटची खूण नाफ्प्लिओच्या पालामिदी किल्ल्यावर: तो डिसेंबरात ग्रीकांनी घेतला.