पॉवर क्वालिटीत यायचंय? आधी फीडरच्या टोकाला जा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची इलेक्ट्रिकलची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, पॉवर क्वालिटीत (म्हणजे मिळणारी वीज किती स्थिर आणि शुद्ध आहे या विषयात) पीएचडी करायची आहे, विषय सुचवा.’ मी उलट विचारतो, टंग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) घेऊन कधी एखाद्या टीसीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर सेंटरवर, गेला आहात का? बहुतेक जण गेलेले नसतात. विषय तिथंच पडलेला असतो.

मी आधी वीज वितरणात काम केलं आणि संशोधनाकडे नंतर वळलो. हाच क्रम मला बरा वाटतो. शिवारातला पंपांचा फीडर, म्हणजे पंपांना वीज पुरवणारी लाईन, घ्या. टोकाला ४१५ ऐवजी ३३० व्होल्ट आले, तर इंडक्शन मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण ६३ टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पाणी तर तेवढंच उपसायचं असतं. मग मोटर जादा करंट ओढते, त्यानं व्होल्टेज आणखी पडतं आणि शेवटी वाइंडिंग जळतं. शेतकरी मोटर कंपनीला शिव्या देतो. रिवाइंडिंगवाल्याच्या वहीत कुठल्या गावची मोटर कधी जळून आली ते लिहिलेलं असतं. ती वही फीडरच्या लोडशी ताडून बघा. असा डेटा कुठल्याही लायब्ररीत मिळणार नाही.

दुसरी प्रयोगशाळा म्हणजे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीज. इंडक्शन फर्नेसला (धातू वितळवायच्या विजेच्या भट्टीला) सहा-पल्स रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारं सर्किट, असेल, तर पाचवा आणि सातवा हार्मोनिक, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या पाचपट आणि सातपट, २५० आणि ३५० हर्ट्झचा करंट ठळक येतो. एका कारखान्यात कपॅसिटर सारखे फुगायचे. मालकाला वाटायचं, माल हलका आहे. ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, इम्पीडन्स ५ टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट पातळी २० एमव्हीए. कपॅसिटरची बँक, म्हणजे संच, ४०० केव्हीएआरची. २०,००० भागिले ४०० म्हणजे ५०, त्याचं वर्गमूळ सातच्या आसपास; ट्रान्सफॉर्मर आणि बँक यांचा रेझोनन्स, म्हणजे करंट फुगवणारा अनुनाद, त्याच हार्मोनिकवर होतो. रेझोनन्स नेमका सातव्या हार्मोनिकवर! पॉवर फॅक्टर सुधारायला बँक दुप्पट केली असती, तर तो बरोबर पाचव्यावर येऊन बसला असता, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिथं कपॅसिटरबरोबर ७ टक्क्यांचे डीट्यून्ड रिॲक्टर (रेझोनन्स हार्मोनिकपासून दूर सरकवणाऱ्या कॉइल) लावायचे होते. त्या रिॲक्टरमुळे बँकेची जुळणी १८९ हर्ट्झवर, पाचव्याच्या खाली येते. हे गणित पाठ्यपुस्तकात दोन ओळींचं आहे, पण फुगलेला कपॅसिटर हातात घेतल्यावर ते विसरत नाही. (हातात घ्यायच्या आधी तो डिस्चार्ज झालाय याची खात्री करा.)

नोकरीचं थोडक्यात सांगतो. इथलं वितरण हेस्कॉम या कर्नाटकच्या सरकारी वीज कंपनीकडे आहे. तिकडे जायचं असेल तर कन्नड लिहिता-वाचता यायला हवं. मराठी शाळेतून आलेल्यांनी हे पदवीच्या शेवटच्या वर्षावर ढकलू नये. सेक्शन ऑफिसातला कागद कन्नडमध्ये आणि लाईनमनची माहिती तोंडी असते. ती त्याच्याच भाषेत विचारली की जास्त मिळते. साखर कारखान्यांचे कोजनरेशन (वाफ आणि वीज एकत्र तयार करणारे) प्लांट आणि एनर्जी ऑडिट हे दुसरे रस्ते. संशोधनासाठी व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं) मुख्यालय बेळगावातच आहे, चाचण्यांसाठी बेंगळुरूला सीपीआरआय (केंद्रीय विद्युत संशोधन संस्था) आहे. वितरण जाळ्याचं सिम्युलेशन करणारं ओपनडीएसएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. महागड्या सॉफ्टवेअरसाठी अडून बसू नका. नुसत्या सिम्युलेशनवर उभा राहिलेला प्रबंध मला तरी पटत नाही, मग त्यातला नवा अल्गोरिदम कितीही देखणा असो.

मोजमापाला लागाल तेव्हा आयईईई ५१९ हे हार्मोनिक्सच्या मर्यादांचं मानक नीट वाचा. त्यातल्या मर्यादा ग्राहक आणि वीज कंपनी जिथं जोडले जातात त्या बिंदूच्या आहेत. भट्टीच्या टर्मिनलवर मोजून कारखान्याला दोषी ठरवणारे पेपर मी वाचलेत. पॉवर क्वालिटी मोजणारा ॲनालायझर किमान आठवडाभर लावून ठेवा आणि त्यात कारखान्याच्या सुट्टीचा दिवस येऊ द्या. भट्टी बंद असताना फीडरवर बाहेरून किती हार्मोनिक्स येतात, ते त्या दिवशीच कळतं.