इंजिनाआधी ब्रेक शिका

दहावीनंतर आयटीआयला मेकॅनिक डिझेलला गेलो तेव्हा मला फक्त इंजिन उघडायचं होतं. ट्रेड एका वर्षाचा. पुढे गोव्यात उसगावच्या एका ट्रकच्या गॅरेजात लागलो. तिथल्या मेस्ताने, म्हणजे उस्ताद मेकॅनिकने, पहिले काही महिने इंजिनाला हात लावू दिला नाही. चाकाचा हब उतरव, बेअरिंग धुऊन ग्रीस भर, ब्रेकचे लायनर बदल, स्प्रिंगचे पाटे सोड, एवढंच काम. तेव्हा राग यायचा. आज माझ्याकडे पोरगा शिकायला आला की मीही त्याला आधी चाकाशीच बसवतो.

बंद पडलेलं इंजिन गाडी रस्त्यातच ठेवतं. नादुरुस्त ब्रेक मात्र अनमोड घाटातून भरलेली गाडी खाली उतरताना माणसं मारतो. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. हवा गेली की ब्रेक गेला, असं नव्या मुलाला वाटतं. तसं नाही. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये दाबून बसवलेली जाड स्प्रिंग असते. हवा असेपर्यंत ती मागे रेटलेली राहते, हवा उतरली की सुटून चाक जाम करते. या स्प्रिंगचा जोर भयंकर. एकदा मी पाना घेऊन त्या चेंबरचा क्लॅम्प सोडायला बसलो होतो. मेस्ताने मनगट धरलं म्हणून वाचलो. बोल्ट लावून स्प्रिंग बांधल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही, आणि स्प्रिंगच्या बाजूचा क्लॅम्प तर उघडायचाच नाही, अख्खा चेंबर बदलायचा. तीच गोष्ट टिपरची, म्हणजे हौदा उचलून माल ओतणाऱ्या ट्रकची: हौदा उचललेला असेल तर टेकू दिल्याशिवाय खाली शिरू नका. हायड्रॉलिकवर भरवसा ठेवून शिरलेला माणूस बाहेर येईलच असं नाही.

हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढा. आपल्या पावसाळ्यात ते किती साचतं ते एकदा कॉक उघडून बघाच. हवा कुठे गळते ते साबणाच्या पाण्याने सापडतं, त्याला महागडं यंत्र लागत नाही.

सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या आणि आमचं गॅरेज ओस पडलं. डिचोली, सावर्डे भागात दारादारांत खनिज वाहणारे टिपर उभे, चाकांभोवती गवत. कर्ज काढून गाडी घेतलेले मालक बॅटरी तरी जिवंत ठेव म्हणून बोलवायचे, पैसे मागायला जीव होत नसे. मार्च 2018 मध्ये पुन्हा तेच. म्हणून सांगतो, फक्त टिपरवर हात बसवू नका. बस, मालवाहू ट्रक, क्रेन, जे मिळेल ते करा. मी वेर्ण्याला मालवाहू गाड्यांकडे वळलो, तिथे तगलो.

एप्रिल 2020 पासून बीएस सहाच्या, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, गाड्या आल्या आणि कामाची तऱ्हाच पालटली. धुरावर उपचार करायला 32.5 टक्के युरियाचं द्रावण लागतं. त्याच्या टाकीत कुणी चुकून डिझेल ओतलं, तर पंपासकट सगळं गेलं समजा. लॅपटॉप लावला की फॉल्ट कोड दिसतो. पण कोड सर्किट दाखवतो, नेमका बिघडलेला भाग दर वेळी दाखवतोच असं नाही. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं की सरळ नवा सेन्सर मागवणारे पुष्कळ बघितले. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. आधी कनेक्टर सोडून बघा, मल्टिमीटर लावा, मग खर्चाचं बोला. म्हणूनच 24 व्होल्टचं वायरिंग मन लावून शिका. आयटीआयत वायरिंगच्या तासाला मी मागे बसायचो, ती कसर नंतर रात्री जागून भरून काढावी लागली.

आयटीआयनंतर थेट नोकरी न शोधता अप्रेंटिसशिप घ्या. पगारापेक्षा स्टायपेंड कमी वाटेल, घरचे कुरकुरतील. पण कंपनीच्या वर्कशॉपात नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना, सर्व्हिस मॅन्युअल आणि स्कॅनर हाताळायला मिळतात. छोट्या गॅरेजात नट अंदाजाने आवळतात आणि पुढे चाकाचे स्टड तुटतात. पहिल्या दिवशी जाताना पोलादी टोपणाचे बूट घालून जा आणि बोटातली अंगठी घरी ठेवा. पाना बॅटरीच्या टर्मिनलला आणि अंगठी पान्याला व गाडीच्या लोखंडाला टेकली, तर ती तापून कातडीत रुतते.