एलटीस्पाइसमध्ये आदर्श डायोड कसा बनवावा

वहीत ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं चार डायोडांचं सर्किट) सोडवताना आपण डायोडचा ड्रॉप, म्हणजे त्यावर खर्च होणारं व्होल्टेज, शून्य धरतो. तेच सर्किट एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं की आकडे जुळत नाहीत. वहीत पीक १७ व्होल्ट, स्क्रीनवर जेमतेम साडेपंधरा. सॉफ्टवेअर शॉकलीचं समीकरण (खऱ्या डायोडच्या करंट-व्होल्टेजचं घातांकी सूत्र) वापरतं आणि ब्रिजमध्ये करंटला एका वेळी दोन डायोड ओलांडावे लागतात, म्हणून ही तूट. वहीतलं उत्तर पडताळायचं असेल तर डायोडचं मॉडेल बदलावं लागेल.

आधी सर्किट काढा. साइन सोर्सचा पीक १७ व्होल्ट ठेवा (म्हणजे १२ व्होल्ट आरएमएस), फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, चार डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा लोड. ग्राउंड लोडच्या निगेटिव्ह टोकालाच द्या. सवयीने सोर्सलाही दिलंत तर खालचा एक डायोड शॉर्ट होईल.

आता स्पाइस डायरेक्टिव्ह (सॉफ्टवेअरला दिलेली लेखी सूचना) म्हणून ही ओळ टाका. इथे ती देवनागरीत आहे, टाइप करताना रोमन अक्षरं वापरा:

.मॉडेल आदर्श डी(आरऑन=१०एम आरऑफ=१मेग व्हीएफडब्ल्यूडी=०)

मग चारही डायोडांच्या ‘डी’ या नावावर राइट क्लिक करून तिथे तुमच्या मॉडेलचं नाव लिहा. आरऑन (चालू असतानाचा रेझिस्टन्स), आरऑफ (बंद असतानाचा) किंवा व्हीएफडब्ल्यूडी (फॉरवर्ड ड्रॉप) यांपैकी एक जरी दिलं तरी एलटीस्पाइस शॉकलीचं समीकरण सोडून सरळ रेषांचं मॉडेल घेतं: चालू असताना १० मिलिओहम, बंद असताना १ मेगाओहम. आरऑन लिहायला विसरू नका, नाहीतर ते आपोआप १ ओहम धरलं जातं.

‘मेग’ पूर्ण लिहा. स्पाइसला लहान एम आणि मोठा एम सारखेच, दोन्ही म्हणजे मिली. मी एकदा आरऑफला नुसता मोठा एम लावला आणि बंद डायोड चालू डायोडपेक्षा जास्त वाहू लागला. आउटपुट उलटं आलं, वर सोर्समधून हजारो अँपिअर! खऱ्या बोर्डावर असतो तर घरचा फ्यूज गेला असता. तासभर मी डायोडची दिशाच तपासत बसलो होतो.

आरऑन किती ठेवायचं, यावर थोडं थांबू. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं, असं वाटतं, पण तसं नाही. १ मिलिओहम ठेवलं तर दोन डायोड मिळून २ मिलिओहम होतात आणि १००० मायक्रोफॅरडबरोबर टाइम कॉन्स्टंट येतो २ मायक्रोसेकंद. मेन्सची सायकल असते २० मिलिसेकंदांची. डायोड सुरू होताना करंट शून्यावरून दोनेक अँपिअरवर उडी घेतो आणि ती पकडायला सॉफ्टवेअरला पावलं बारीक करावी लागतात. कधी ते ‘टाइमस्टेप टू स्मॉल’ म्हणून हातही टेकतं. १०० ओहमच्या लोडपुढे १० मिलिओहम म्हणजे काहीच नाही, तेवढ्यावर भागतं. तरीही अडलंच तर त्याच कंसात एप्सिलॉन=५०एम जोडा, म्हणजे चालू-बंदचा कोपरा गोल होतो.

ट्रान्झियंट (वेळेनुसार सर्किट सोडवणारं सिम्युलेशन) २०० मिलिसेकंदांचा चालवा. पीक १७ व्होल्टच्या अगदी जवळ आणि रिपल (आउटपुटमधला चढउतार) साधारण १.४ व्होल्ट दिसायला हवा. मग व्हीएफडब्ल्यूडी ०.७ करून पाहा, पीक १५.६ वर उतरेल.

तुमच्या स्पाइसमध्ये आरऑनची सोय नसेल तर जुनी युक्ती आहे: नेहमीच्या मॉडेलमध्ये एन (शॉकलीच्या समीकरणातला एमिशन कोइफिशंट, एरवी १) ०.०१ द्या. १ अँपिअरला ०.८३ व्होल्टचा ड्रॉप ८ मिलिव्होल्टवर येतो. मात्र एन त्याहून फार कमी करू नका, घातांक इतका उभा चढतो की उत्तरच सापडत नाही.

एसएमपीएससाठी (स्विचिंग पॉवर सप्लायसाठी) हा डायोड फक्त जोडणी तपासण्यापुरता. त्यात रिव्हर्स रिकव्हरी (बंद होताना क्षणभर उलटा वाहणारा करंट) नाही, त्यामुळे एफिशियन्सी उगाच सुंदर दिसते. लॉसेस मोजायच्या आधी कंपनीने दिलेलं खरं मॉडेल बसवा.