ईस्टरनंतरच्या पन्नास टाचण्या

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मला कधी जड गेले नाहीत. मटण बंद, शुक्रवारी उपवास, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थना. सगळं आखून दिलेलं असतं. माझी घसरगुंडी व्हायची ती ईस्टर झाल्यावर.

मी पुण्याच्या गुरुवार पेठेत शिवणकाम करते. उपवासकाळात आमच्यात सहसा लग्नं लावत नाहीत, त्यामुळे ती सगळी एप्रिल-मेमध्ये एकदम येऊन पडतात. नवरीचे पांढरे ब्लाउज, करवल्यांचे, छोट्या मुलींचे झालरवाले फ्रॉक. मशीन रात्री अकरापर्यंत चालू. एका वर्षी प्रभूच्या स्वर्गारोहणाचा अख्खा दिवस मी एका बाहीची उसवाउसव करण्यात घालवला आणि दिवा मालवताना आठवलं, अरे, आज स्वर्गारोहणाचा गुरुवार होता! त्यानंतर मी जे करायला लागले ते सांगते.

आधी मोजायला शिका. ईस्टर म्हणजे एक रविवार नव्हे, पन्नास दिवस. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला, चाळिसावा दिवस म्हणजे स्वर्गारोहण १४ मेला आणि पन्नासावा, पेंटेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्मा उतरला तो सण, २४ मेला. मी ईस्टरच्या सकाळी उशीत पन्नास टाचण्या खोचते, चाळिसावी लाल डोक्याची. रोज मशीनवर बसण्याआधी एक काढून डबीत टाकायची आणि एवढंच म्हणायचं, "प्रभू, आज कुठे भेटशील?" टाचण्या नसतील तर शेंगदाणे घ्या. पण घरात पोरं असतील तर हिशोब चुकेल.

हा प्रश्न उगाच नाही. मेलेल्यांतून उठल्यावर प्रभू कुणाला मंदिरात बोलावत नाही. मरीया मग्दालीयेला तो बागेत भेटतो, आणि तिला वाटतं हा माळीच. दोघांना रस्त्यात गाठतो, पेत्राला मासे धरताना. म्हणून प्रार्थनेसाठी वेगळा तास शोधत बसू नका, मेमध्ये तो सापडत नाही. जे काम चालू आहे त्यालाच वचन टाचा. मी बागेचा उतारा, योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय, झाडांना पाणी घालताना म्हणते. चार कुंड्या तर आहेत, पाठ व्हायला आठवडा पुरतो. रात्री बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा अर्धा अध्याय. एकूण अध्याय २८, म्हणजे मध्ये सहा रात्री पूर्ण अध्याय वाचला की पेंटेकॉस्टपर्यंत पुस्तक होतं.

ईस्टरनंतरचा पहिला रविवार अजिबात चुकवू नका. त्या दिवशी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, निम्मे बाक रिकामे असतात. प्रभूचा शिष्य थोमा पहिल्या रविवारी गैरहजर होता, आठ दिवसांनी हजर राहिला म्हणून त्याला प्रभूची भेट झाली. मला त्या रविवारी पाळकांचा उपदेशही जास्त आवडतो. गर्दी नसली की तेही सावकाश बोलतात.

एक दिवस चाला. प्रभूने रस्त्यात गाठलेले ते दोघे अम्माऊस गावी निघाले होते. ते यरुशलेमपासून साठ स्टेडियम (हे जुनं अंतराचं माप), म्हणजे साधारण अकरा किलोमीटर. स्वारगेटहून कात्रजला जाऊन परत आलं की जवळपास तेवढंच होतं. पहाटे साडेपाचला निघा, नऊनंतर ऊन सोसत नाही. कुणाला तरी बरोबर घ्या आणि जाताना मनातली तक्रार स्पष्ट बोला. त्या दोघांतला क्लयपा आणि त्याचा सोबतीही वाटेत निराशाच बोलत होते, "आम्हांला आशा होती" म्हणत होते. मी दोन वर्षांपूर्वी नणंदेबरोबर गेले. ती बालाजीनगरपर्यंत दिरांबद्दल बोलली, मी ऐकलं. परतताना आम्ही दोघी गप्प होतो, आणि ते गप्प असणं चांगलं होतं.

सगळ्यात आवडती माझी न्याहारी. योहान २१ मध्ये प्रभू किनाऱ्यावर कोळशांवर मासे भाजतो, भाकर ठेवतो आणि रात्रभर राबलेल्यांना खायला बोलावतो. ईस्टरनंतरच्या एका रविवारी आमच्याकडे तेच असतं. आदल्या दिवशी गणेश पेठेतून चिलापी आणते, उजनीची. लोक तिला हलकी मासळी समजतात, पण गालीलच्या सरोवरात पेत्राचा मासा म्हणून जो मिळतो तो याच कुळातला. हळद, मीठ, लसूण, लिंबू, वर काही नको. शेगडी गच्चीवर पेटवा, घरात धूर होतो. खाण्याआधी उतारा एकाने वाचायचा, आणि "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" हे तीनदा येतं तिथे घाई करायची नाही.

या न्याहारीला आमच्या चर्चच्या मंडळीबाहेरचं कुणीतरी हवंच. १८९० साली आमच्या पंचहौदच्या मिशनमध्ये चहा दिला गेला तर टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती. आज शेजारच्या काकू मासे खात नाहीत, पण भाकरी-चटणी घेऊन गच्चीवर येतात आणि चहा दोनदा मागतात.

लाल टाचणी निघाली की दहा उरतात. ते दहा दिवस शिष्य माडीवरच्या खोलीत प्रार्थना करत होते, पुढे जमलेल्यांचा आकडा १२० दिलाय. आमच्या गच्चीवर सात-आठ जणी जमतात, रात्री साडेआठला, अर्धा तास. मोबाइल जिन्यातल्या टोपलीत. एकीने गाणं, एकीने वचन, बाकी गप्प बसणं. पावसाची एखादी सर आली तर जिन्यात उरकतो.

आणि हो, वेदीवरचं पांढरं कापड पेंटेकॉस्टला उतरतं, लाल चढतं. ते धुऊन, इस्त्री करून शनिवारी दुपारीच नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आहे. लाल कापड पहिल्यांदा धुताना वेगळंच भिजवा, रंग जातो.